साडेबारापर्यंत परत येते

कळसूबाई मी याआधी दोनदा चढले आहे. दोन्ही वेळा कॉलेजात असताना, रात्री, टॉर्चच्या उजेडात पुढच्याच्या बुटांकडे बघत. शिडीखाली काय आहे ते दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी काही वाटलं नसतं. उंचीची भीती हा प्रकारच मला ठाऊक नव्हता.

ती आली लेक सहा महिन्यांची असताना. गच्चीवर दुपटी वाळत घालत होते. एक दुपटं वाऱ्यानं कठड्यापलीकडे लोंबलं, ते ओढायला वाकले आणि चार मजले खालचं पार्किंग बघून पाय असे लटपटले की तिथेच फतकल मारून बसले. दुपटं संध्याकाळी वॉचमननं आणून दिलं. नवरा म्हणाला, "झोप कमी पडतेय तुझी." झोप कमी पडत होतीच, पण हे ते नव्हतं. मी पडले तर हिला दूध कोण पाजणार, एवढा एकच सरळ हिशेब डोक्यात घुसला होता आणि तो काही केल्या निघत नव्हता. पुढे सरकत्या जिन्यावरसुद्धा हात घामेजायला लागले, तेव्हा म्हटलं, आता पुरे.

कळसूबाई ठरवण्याचं कारण एवढंच. १६४६ मीटर, म्हणजे साधारण ५४०० फूट, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, पण दोर लावून कातळ चढावा लागत नाही. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. मला गाठायचं होतं ते त्या शिड्यांनाच.

माझं सिझेरियन झालेलं. त्यामुळे डॉक्टरांचा होकार आधी घेतला, मग फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी उताणं झोपवून डोकं उचलायला लावलं आणि पोटाच्या स्नायूंमधली फट बोटांनी मोजली. अडीच बोटं. तीन महिने व्यायाम केल्यावर एक बोट राहिली, तेव्हा त्यांनी डोंगराला परवानगी दिली. मधल्या काळात पर्वती सुरू केली. १०३ पायऱ्या, पहिल्या दिवशी एकदा, नोव्हेंबरात सलग पाच वेळा. खरी तालीम मात्र घरात चालली होती. लेक बाटली तोंडात धरत नाही, थू करून फेकते. मग वाटी-चमच्यानं दूध आणि नाचणीचं सत्त्व, तेही बापाच्या हातून. एका रविवारी मी दोन तास बाहेर राहिले, पुढच्या रविवारी चार, त्यापुढच्या सात. सात तासांच्या रविवारी मी घरापासून तीन गल्ल्या पलीकडे मैत्रिणीकडे बसून होते, फोन हातात धरून.

आई म्हणाली, "वर्ष तरी होऊ दे गं." सासूबाई म्हणाल्या, "जा, पण कान बांधून जा."

पहिला दिवस, गुरुवार : पुणे ते भंडारदरा

डिसेंबरचा पहिला आठवडा. शनिवार-रविवारी कळसूबाईच्या शिड्यांवर अक्षरशः रांग लागते, म्हणून मुद्दाम आडवारी निघालो. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. एरवी चार-साडेचार तासांत होतो, आम्हाला सात लागले. दहा महिन्यांचं बाळ गाडीत असलं की अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, लंगोटांमध्ये मोजतात. चंदनापुरी घाटात लेकीनं सकाळचं सगळं सत्त्व माझ्या ओढणीवर परत केलं आणि मग खुशाल झोपली.

राजूरला पेढे घेतले. तिथून पुढे हवा बदलते. भाताची कापणी उरकलेली, खाचरांत नुसती खुंटं, आणि घरांपुढच्या खळ्यांवर पेंढ्याच्या गंज्या. एका ठिकाणी दोन बायका सुपानं भात वारवत होत्या. लेक उठली होती, तिला काचेतून दाखवलं. तिला कुत्रं दिसलं.

मुक्काम शेंडीत, धरणाच्या अलीकडे. धरणाचं नाव विल्सन डॅम आणि जलाशयाचं आर्थर लेक, पण इथे सगळे भंडारदराच म्हणतात. १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये पुरं झालेलं हे प्रवरेवरचं दगडी धरण. संध्याकाळी भिंतीजवळ गेलो तेव्हा पाणी एकदम स्तब्ध होतं. कळसूबाईचा सुळका ढगात होता. बरंच झालं, मला त्या रात्री तो बघायचा नव्हता.

जेवायला नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ठेचा आणि घरच्या काळभाताचा, म्हणजे इथल्या गावठी तांदळाचा, भात. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मावशींनी लेकीसाठी वरईचा मऊ भात तूप घालून वेगळा शिजवला. घरी चार चमच्यांपुढे तोंड न उघडणारी पोर वाटीभर जेवली. अकोले तालुका म्हणजे राहीबाई पोपेरे यांचा तालुका. गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई इथल्याच कोंभाळण्याच्या. मावशींच्या पडवीतही वालाच्या शेंगा बियाण्यासाठी आड्याला टांगलेल्या होत्या. मी चौकशी केली तर उठून निघताना मूठभर वाल पुडीत बांधून दिला.

बाळ घेऊन जाणाऱ्यांसाठी : डिसेंबरात इथे रात्री चांगलीच थंडी पडते. खोलीत हीटर वगैरे असेल असं धरून चालू नका. लोकरीचं टोपडं आणि मोजे दोन-दोन जोड ठेवा, कारण एक जोड कायम ओला असतो. गरम पाणी बहुतेक ठिकाणी बंबावर तापवतात, ते सकाळी हवं तर रात्रीच सांगून ठेवा.

दुसरा दिवस, शुक्रवार : बारी, शिड्या, शिखर

चारला उठले. लेकीची वाटी, चमचे, अंगावरचं दूध काढायच्या हातपंपाचे सुटे भाग उकळून घेतले. पावणेपाचला अंधारातच तिला पोटभर पाजलं. बारी गाव शेंडीहून गाडीनं जवळच आहे. आमच्या वाटाड्याच्या चुलतीचं घर गावातच, पायथ्याशी. नवरा आणि लेक दिवसभर तिथे राहणार, असं आधीच ठरवलं होतं. नवरा झोपलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन दारात उभा, चुलतीबाई चूल पेटवत होत्या.

"किती वाजेपर्यंत?" त्यानं विचारलं.

"साडेबारापर्यंत परत येते," मी म्हटलं. कान बांधलेले होते.

वाटाड्या नुकताच बारावी झालेला पोरगा. चालताना फार बोलत नव्हता, याचं मला बरं वाटलं. गावाबाहेर पडून शेतं ओलांडली की पायथ्याचं देऊळ लागतं. वर जाणं झेपणार नाही अशी माणसं इथूनच हात जोडतात. साडेपाचला तिथून निघालो. पुढे आठशे-नऊशे मीटरची चढाई. आधी बांधलेल्या पायऱ्या, मग मातीची, मुरमाची वाट. पर्वती कामी आली. पहिल्या तासात दम लागला तो नेहमीचाच, ओळखीचा. झुंजुमुंजू झालं तेव्हा खाली बारीतले दिवे दिसत होते. त्यातला आमचा कुठला ते शोधण्यात पाच मिनिटं गेली.

पहिली शिडी आखूड होती, काही कळायच्या आत संपली. दुसरीवर मात्र घोळ झाला.

उजाडलं होतं. तेच चुकलं, असं तेव्हा वाटलं. शिडी म्हणजे खरं तर लोखंडी जिनाच, दोन्ही बाजूंना कठडे, पायरीला पुरेशी रुंदी. आजीसुद्धा चढून जातात. पण पायऱ्यांच्या मधून खालचं दिसतं. मी आठ-दहा पायऱ्या चढले, खाली पिवळं गवत वाऱ्यानं एका दिशेला झोपताना दिसलं, आणि गच्चीवरचं तेच पुन्हा झालं. गुडघे कापायला लागले. दोन्ही हातांनी कठडा धरून उभी राहिले. लोखंड बर्फासारखं गार होतं. हातमोजे सॅकमध्ये होते आणि सॅकपर्यंत हात न्यायचा म्हणजे कठडा सोडायचा.

"ताई, खाली बघू नका," वाटाड्या वरून म्हणाला. हे वाक्य ऐकून आजवर कुणी खाली बघायचं थांबलं असेल असं मला वाटत नाही.

मागून एक बाई आल्या. पन्नाशीच्या असाव्यात. डोक्यावर पाटी, पाटीत ताकाची किटली, काकड्या, लिंबं. एक हात पाटीला, एक कठड्याला. मी वाट अडवून उभी. त्या थांबल्या, पाटी सावरली आणि म्हणाल्या, "दम खा माये. मलाबी दम खायचाच हाये." आणि खरंच उभ्या राहिल्या. पाठीमागे कुणी तरी आहे आणि त्यालाही घाई नाही, एवढ्यानं जरा श्वास लागला.

लेकीला झोपवताना मी थोपटते आणि मनात मोजते. एकशेवीसपर्यंत मोजून झालं की ती गाढ झोपलेली असते, तेव्हाच गादीवर ठेवायची. शंभराला ठेवली तर जागी होते. दहा महिने रोज रात्री हेच. त्या शिडीवर मला हेच सुचलं, दुसरं काही सुचलं नाही. हाताच्या तळव्यानं कठडा थोपटायचा, एक म्हणायचं, पाय उचलायचा. थोपटायचं, दोन. मागच्या बाईंना वाटलं असेल, ही शिडीला का थापट्या मारतेय. शिडीला पायऱ्या किती ते मला विचारू नका, दर वेळी वेगळा आकडा आला. पण एकशेवीस व्हायच्या आत वर पोचले होते. वर गेल्यावर कातळावर बसून पाच मिनिटं रडले. वाटाड्यानं तोंड फिरवून उगाच मोबाइल बघितला.

भीती गेली नाही. पुढच्या शिडीवर तीच, त्याच्या पुढच्या शिडीवरही तीच. फक्त आता ती आली की काय करायचं ते माहीत होतं.

चालता चालता ताकवाल्या मावशींनी कळसूची गोष्ट सांगितली. ही गोष्ट या भागात सगळ्यांना पाठ असते. कळसू नावाची कोळ्याची पोर एका घरी कामाला राहिली, पण अट घालून. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. बरेच दिवस नीट चाललं. एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला सांगितली, केर काढायला लावला. तिनं ते केलं आणि तडक डोंगर चढून गेली. वरच राहिली, ती शेवटपर्यंत. जिथे तिनं भांडी घासली त्या जागेचं नाव थाळेमेळ.

पहाटे चारला वाट्या-चमचे उकळून आलेली बाई ही गोष्ट कशी ऐकत असेल, याची कल्पना करा. कळसूनं निदान साडेबाराला परत यायचं कबूल केलं नव्हतं.

शेवटच्या शिडीआधी एक सपाटी आहे, तिथे विहीर आहे. तिथवर येईतो आठ वाजून गेले होते आणि एक वेगळीच अडचण उभी राहिली होती. छाती दगडासारखी घट्ट झाली होती. सॅकचे पट्टे टोचत होते. वर जाऊनच बघू म्हणून शेवटची शिडी तशीच चढले, थोपटत, मोजत. माथ्यावर नऊला पोचले.

वर वारा असा होता की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं. देऊळ एवढंसं, चार माणसांत भरणारं. समोर पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे गड एका रांगेत, दक्षिणेकडे भंडारदऱ्याचं पाणी, त्यामागे रतनगडाचा खुटा नावाचा सुळका, आणि लांबवर हरिश्चंद्रगडाचा पसारा. या सगळ्याकडे मी नीट बघितलं ते नंतर. आधी ताकवाल्या मावशींना गाठून अडचण सांगितली. त्यांना दोन शब्दांत कळलं. देवळाच्या आडोशाला, जरा खालच्या अंगाला त्यांनी मला बसवलं आणि अंगावरची शाल दोन्ही हातांनी पसरून वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. हातपंप थंडीनं नीट धरेना, शेवटी हातानंच पिळलं. दहा मिनिटं लागली. मावशी त्या दहा मिनिटांत एकदाही मागे वळल्या नाहीत आणि वर येऊ पाहणाऱ्या दोन पोरांना त्यांनी एका हाकेत परत पाठवलं.

वाटीभर दूध निघालं. ते मी कातळावर ओतायला गेले तर म्हणाल्या, "पायदळी नको. तिकडं झुडपाशी वत." मी झुडपाशी ओतलं. मग त्यांच्याकडचं दोन पेले ताक प्यायले, जिरं आणि मीठ घातलेलं. पैसे देऊ केले तर फक्त ताकाचे घेतले. शालीचे कुठे पैसे असतात, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

दूध पाजणाऱ्या आयांसाठी, कारण हे कुठल्याच माहितीत लिहिलेलं नसतं : पुढून उघडणारे कपडे घाला. सॅकचा छातीवरचा पट्टा सैल ठेवा. चार तासांच्या वर दूध तुंबू देऊ नका, गाठी झाल्या तर दुखणं परवडत नाही. पंप न्याच, पण हातानं काढायची सवय घरी करून जा. पाणी तीन लिटर. एरवी माणशी दोन पुरतं, पण पाजणारीला तहान वेगळीच लागते. आणि हातमोजे हातात घाला, सॅकमध्ये नको.

बाळाला पाठीवर बांधून वर नेणारे आईबाप हल्ली दिसतात. त्यांचं त्यांना ठाऊक. मला स्वतःला ते जमलं नसतं, शिडीवर निदान एकीचाच तोल सांभाळायचा असावा.

उतरताना शिड्यांपेक्षा घसाऱ्यानं जास्त छळलं. वाळलेला मुरूम बुटाखालून सटकतो. शिड्या मी शिडीकडे तोंड करून, उलट्या उतरले. वेळ लागतो, पण खालचं आपोआप पाठीमागे जातं. एका वळणावर माकडांनी पुढच्या मंडळींची चिवड्याची पिशवी पळवली. खाऊ हातात धरून चालू नका.

गावात पोचले तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. वीस मिनिटं उशीर. वरच्या टप्प्यात फोनला रेंज नव्हती, त्यामुळे शेवटचा अर्धा तास मी जवळजवळ पळतच होते. डोळ्यांपुढे चित्र एकच : रडून लाल झालेली लेक आणि घामाघूम नवरा.

अंगणात नवरा बाजेवर बसून शेंगा सोलत होता. ओसरीत आड्याला लुगड्याची झोळी टांगली होती. लेक त्या झोळीत सलग तीन तास झोपली म्हणे. घरी चाळीस मिनिटांच्या वर झोपत नाही. आता ती अंगणात गोणपाटावर बसून कोंबडीकडे बघत होती. मी "बाळा!" म्हणून हाक मारली. तिनं माझ्याकडे बघितलं, ओळखीचं हसली आणि परत कोंबडीकडे वळली.

मी तशीच उभी. मी पडले तर हिचं काय, हे चार महिने वागवलेलं ओझं, आणि बाईसाहेबांना कोंबडीपुढे मी दिसतही नव्हते. हसू आलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं लागलंही. चुलतीबाईंनी ते बरोबर ताडलं असावं. म्हणाल्या, "सकाळी रडली व्हती. लई रडली." मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं शेंगांतून मान वर केली नाही. खरं काय ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.

पाच मिनिटांनी लेकीला भुकेची आठवण झाली आणि मग मात्र ती रांगत आली. ओसरीच्या खांबाला टेकून मी तिला पाजलं. मांड्या थरथरत होत्या, बुटांत कुसळं भरली होती, आणि ती एका हातानं माझ्या कानावरचा रुमाल ओढत होती.

तिसरा दिवस, शनिवार : रतनवाडी आणि परत

सकाळी उठायला गेले तर जिना उतरता येईना. दोन दिवस मांड्या बोलतात, त्यामुळे शिखरानंतरचा दिवस मोकळा ठेवा. आम्ही तो रतनवाडीच्या अमृतेश्वरासाठी ठेवला होता. जलाशयाच्या कडेकडेनं जाणारा रस्ता आहे. देऊळ शिलाहारकालीन, काळ्या दगडाचं, शिखरापासून पायापर्यंत कोरलेलं, शेजारी बांधीव पुष्करणी. गर्दी नव्हती. लेकीनं एका खांबावरच्या कोरीव वेलबुट्टीत बोट घातलं आणि काढीना. दगड उन्हात कोमट झाला होता. अर्धा तास आम्ही दोघं तिच्या त्या बोटामागे देवळाला प्रदक्षिणा घालत होतो. देवळाबाहेर एक आजी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा विकत होत्या, त्या घ्या, फार गोड असतात.

मागे रतनगड उभा होता. नवरा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी ओळखलं. तोही दीड वर्षात कुठल्या गडावर गेलेला नाही, आणि त्याला कुणी विचारलेलंही नाही.

रंधा धबधब्याला डिसेंबरात फार पाणी नसतं, पाच मिनिटं थांबून निघालो. संगमनेरच्या पुढे वाहतूक तुंबली, पुण्यात पोचायला रात्रीचे नऊ झाले. लेक सगळ्या वाटेत झोपली आणि घरी आल्यावर टक्क जागी झाली. झोळी हवी होती तिला. सोमवारी सासूबाईंचं जुनं नऊवारी काढून हॉलच्या कडीला बांधलं.

जानेवारीत नवरा हरिश्चंद्रगडाला जाणार आहे, पाचनईच्या बाजूनं. मी लेकीला घेऊन खाली थांबणार. त्यानं विचारलंय, कितीपर्यंत परत येऊ. मी म्हटलंय, साडेबारा. पाचनईत कोंबड्या असलेलं एखादं घर कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.